यादीला धनी कोण?

वृद्धाश्रमात एखाद्या आजींना चुकीची गोळी गेली, की पहिली झडती होते ती गोळी देणाऱ्या मावशींची. त्यांना वाचता येतं का, चष्मा लावला होता का, फोनवर बोलत होत्या का. चौकशी तिथंच सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथंच संपते. मावशींना ताकीद मिळते, फार तर त्यांची पाळी बदलते आणि दुसऱ्या दिवशी औषधांचा डबा पुन्हा तसाच भरला जातो. आजींना एकूण किती औषधं चालू आहेत, ती कोणी कोणी लिहून दिली, त्यांतलं कुठलं कशासाठी आणि किती दिवसांसाठी होतं, हे कोणी विचारत नाही. विचारलं तरी उत्तर देऊ शकेल असा माणूस त्या इमारतीत सहसा नसतो.

शुश्रूषा-केंद्रांतल्या औषधांवर गेल्या चार दशकांत परदेशांत बरंच काम झालं. ते वाचताना एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. गोळी देणाऱ्याच्या हातून चुका होतात, नाही असं नाही. पण जिवावर बेतणाऱ्या चुका बहुतेक वेळा त्याच्या आधीच झालेल्या असतात: औषध लिहिताना, आणि लिहून झाल्यावर त्याच्याकडे पाठ फिरवताना.

इंग्लंडमधला एक अभ्यास या विषयात नेहमी पुढे केला जातो. लंडनमधले औषधशास्त्राचे प्राध्यापक निक बार्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ केअर होम्समधल्या २५६ रहिवाशांची औषधं मुळापासून तपासली. डॉक्टरांची चिठ्ठी, दुकानातून आलेली पाकिटं, प्रत्यक्ष गोळी देण्याची रीत आणि नंतरच्या रक्ततपासण्या, सगळं. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. माणशी सरासरी आठ औषधं चालू होती आणि २५६ पैकी १७८ जणांच्या बाबतीत किमान एक चूक सापडली, म्हणजे दर दहांत सात. लिहिताना, दुकानात आणि देताना होणाऱ्या चुका आठ ते दहा टक्क्यांच्या घरात होत्या. लक्ष ठेवण्यातल्या चुका मात्र १४.७ टक्के निघाल्या. प्रत्येक चुकीनं किती इजा होऊ शकली असती याला शून्य ते दहा असे गुण दिले, तेव्हा देतानाच्या चुकांना सरासरी २.१ मिळाले आणि लक्ष न ठेवण्याच्या चुकांना ३.७. लघवी वाढवणारी गोळी महिनोन्‌महिने चालू आहे आणि सोडियम-पोटॅशियम कोणी पाहिलेलं नाही, रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू आहे आणि त्याची तपासणी राहून गेली आहे, अशा या चुका. त्या दिवशी काहीच बिघडत नाही. बिघडतं ते दोन महिन्यांनी, आणि तेव्हा त्याचं नातं औषधाशी जोडणारा कोणी उरत नाही.

कारणंही त्यांनी खणून काढली. येणारा डॉक्टर रहिवाशांना ओळखत नाही. लिहिताना त्याच्यापुढे पुरती माहिती नसते. केंद्रातली माणसं कामाच्या ओझ्याखाली, त्यांना औषधांचं शिक्षण नाही आणि औषध वाटतानाच मध्येच कोणीतरी हाक मारतं. अभ्यासकांनी मागितलं ते अगदी साधं होतं: प्रत्येक केंद्राला एक मुख्य डॉक्टर हवा आणि तिथल्या औषधांची एकूण जबाबदारी एका फार्मासिस्टकडे हवी.

अटलांटिकच्या पलीकडचं चित्रही फारसं वेगळं नव्हतं. जेरी गुर्विट्झ यांच्या गटानं मॅसॅच्युसेट्समधल्या १८ नर्सिंग होम्सवर वर्षभर नजर ठेवून २००० साली आकडे मांडले. औषधांमुळे इजा झाल्याच्या ५४६ घटना, त्यांतल्या ५१ टक्के टाळता येण्याजोग्या. गंभीर, जीवघेण्या आणि मृत्यू ओढवलेल्या घटना वेगळ्या काढल्यावर टाळता येण्याजोग्यांचं प्रमाण ७२ टक्क्यांवर गेलं. घटना जितकी भयंकर, तितकी ती टाळता आली असती. चुकांचा मोठा वाटा पुन्हा लिहिण्यात आणि लक्ष ठेवण्यातच.

म्हातारपणी औषध इतकं का बाधतं, हे समजल्याशिवाय या आकड्यांचं गांभीर्य कळत नाही. तिशीतल्या शरीराला मानवणारी मात्रा ऐंशीतल्या शरीराला मानवेलच असं नाही, कारण अंगातलं पाणी घटतं, चरबीचं प्रमाण वाढतं आणि मूत्रपिंडाची गाळणी मंदावते. झोपेसाठी किंवा घाबरेपणासाठी दिल्या जाणाऱ्या डायझेपामबद्दल डॉक्टरांमध्ये एक ठोकताळा आहे: माणसाचं वय जितकी वर्षं, साधारण तितके तास त्या औषधाची रक्तातली पातळी निम्म्यावर यायला लागतात. विशीत हे काम दिवसभरात होतं, ऐंशीत तीन दिवस उलटून जातात. रोज रात्री एक गोळी घेणाऱ्या आजोबांच्या अंगात ती साठतच जाते. मग ते दिवसा पेंगतात, पाय अडखळतो, नाव आठवत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं आता.’

मूत्रपिंडाचं उदाहरण तर कागदावर मांडून पाहण्यासारखं आहे. ८० वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या आजींचं क्रिएटिनिन ०.९ आलं. लॅबच्या छापील मर्यादेत ते चपखल बसतं, त्यामुळे कोणाची भुवई वर जात नाही. ३० वर्षांच्या, ७० किलोच्या तरुणाचंही ०.९च आलं. आता कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी १९७६ साली दिलेलं सूत्र लावायचं, ज्यात वय, वजन आणि स्त्री-पुरुष भेद धरलेला असतो. तरुणाची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे ११९ मिलिलिटर निघते आणि आजींची ३५. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि आजींच्या अंगावर स्नायूच उरलेले नाहीत, म्हणून रिपोर्ट निर्दोष दिसतो. डिगॉक्सिन, गॅबापेंटिन, मेटफॉर्मिन अशी मूत्रपिंडावाटे बाहेर जाणारी औषधं त्यांच्या चिठ्ठीवर असतील, तर कुठली मात्रा कमी करायची आणि कुठलं औषध थांबवायचं हे त्या ३५वर ठरतं. हे गणित मोबाइलवर अर्ध्या मिनिटात होतं. फक्त ते करायचं कोणी, हे ठरलेलं नसतं.

आणखी एक प्रकार आहे, जास्त फसवा. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन सुरू झालं, त्यानं पायांवर सूज आली. सूज पाहून दुसऱ्या डॉक्टरांनी लघवी वाढवणारी गोळी दिली. मग रात्री चारदा उठणं आलं, अंधारात बाथरूमकडे जाताना पडणं आलं, खुब्याचं हाड मोडणं आलं. पॉला रोशॉन आणि गुर्विट्झ यांनी १९९७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या साखळीवर लेख लिहिला: औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून त्यावर आणखी एक औषध. आपल्याकडे याची एक खास देशी आवृत्ती आहे. चक्कर येते म्हणून सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन सुरू होतं आणि बंद करायचं राहून जातं. म्हाताऱ्या माणसात या औषधांनी हात कापणं, चाल मंदावणं, चेहरा निर्विकार होणं अशी पार्किन्सनची हुबेहूब लक्षणं दिसू शकतात. मग पार्किन्सनच्या गोळ्या. त्यांनी भास व्हायला लागले, तर भासांची गोळी. या साखळीतल्या प्रत्येक डॉक्टरनं आपल्यापुढच्या तक्रारीवर बरोबरच औषध दिलेलं असतं, हीच खरी अडचण. सगळ्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी मांडल्या तरच ती साखळी दिसते.

भासांच्या गोळीपाशी थोडं थांबायला हवं, कारण वृद्धांच्या केंद्रांचा सगळ्यांत काळा इतिहास तिच्याभोवती आहे. १९८८ साली मार्क बीअर्स आणि जेरी अॅव्हॉर्न यांच्या गटानं मॅसॅच्युसेट्समधल्या १२ केंद्रांतल्या ८५० रहिवाशांची पाहणी मांडली. निम्म्याहून अधिक लोकांना मनावर परिणाम करणारी कुठली ना कुठली औषधं चालू होती. आरडाओरडा करणारा, रात्री भटकणारा, अंघोळीला विरोध करणारा म्हातारा शांत राहावा म्हणून. पट्ट्यांनी खुर्चीला बांधण्यापेक्षा हे दिसायला सभ्य, इतकाच काय तो फरक. १९८७ च्या अमेरिकी कायद्यानं सोयीसाठी किंवा शिक्षा म्हणून दिलेल्या अशा ‘रासायनिक बंधना’तून मुक्त असणं हा रहिवाशाचा हक्क मानला. १९९१ साली बीअर्स यांनी तज्ज्ञांचं मत घेऊन नर्सिंग होममधल्या वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी तयार केली. ‘बीअर्स क्रायटेरिया’ या नावानं ती आज जगभर वापरली जाते. अमेरिकन जेरिअॅट्रिक्स सोसायटीनं तिची ताजी आवृत्ती २०२३ साली काढली.

कायदा झाला, यादी झाली, तरी गोळ्या थांबल्या नाहीत. २००५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १७ चाचण्यांचे निकाल एकत्र पाहिले. डिमेन्शियाच्या वृद्ध रुग्णांना नव्या पिढीची अँटिसायकोटिक औषधं दिली, तेव्हा साधारण दहा आठवड्यांच्या चाचण्यांत ४.५ टक्के दगावले. नकली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २.६ टक्के होतं. औषधाच्या वेष्टनावर सर्वांत कडक इशारा आला. इंग्लंडमध्ये सुबे बॅनर्जी यांनी २००९ साली सरकारला दिलेल्या अहवालात हिशेबच मांडला: ब्रिटनमध्ये डिमेन्शियाच्या सुमारे १,८०,००० रुग्णांना दरवर्षी ही औषधं दिली जातात, त्यांतल्या फार तर ३६,००० जणांना काही फायदा होतो आणि वर्षाला सुमारे १,८०० जादा मृत्यू ओढवतात.

पुढची गोष्ट सरकारी आकड्यांवर विसंबणाऱ्या प्रत्येकानं वाचावी अशी आहे. अमेरिकेत २०१२ साली या गोळ्या कमी करण्याची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. २०११ च्या अखेरीस केंद्रांत दीर्घकाळ राहणाऱ्या २३.९ टक्के लोकांना त्या चालू होत्या. दहा वर्षांत हा आकडा १५ टक्क्यांच्या आसपास आला आणि सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली. पण मोजणीत एक पळवाट होती: ज्यांना स्किझोफ्रेनिया आहे त्यांना त्यातून वगळलं जाई. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं सप्टेंबर २०२१ मध्ये दाखवून दिलं की नर्सिंग होममधल्या दर नऊ रहिवाशांपैकी एकाच्या कागदावर स्किझोफ्रेनियाचं निदान होतं. एकूण लोकसंख्येत तो दीडशेत एखाद्यालाच असतो आणि बहुधा चाळिशीच्या आत सुरू होतो. ऐंशीव्या वर्षी इतक्या माणसांना तो एकाएकी कसा झाला? कित्येकांना तो फक्त कागदावर झाला होता. २०२३ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या यंत्रणेनं या निदानांची तपासणी सुरू केली. मोजमापाशिवाय सुधारणा होत नाही हे खरं, पण मोजला जाणारा आकडा सुधारणं आणि माणसाच्या पोटात जाणारी गोळी थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकरणाइतकं उघडंवाघडं क्वचितच दिसलं असेल.

महाराष्ट्रात वृद्धाश्रमांतल्या औषधांचा असा हिशेबच मांडला जात नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढची माणसं १०.३८ कोटी होती आणि महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा देशाच्या सरासरीहून जास्त होता. पुण्या-मुंबईच्या आसपास केंद्रं वाढताहेत. काही ठिकाणी शिकलेल्या सिस्टर आहेत, बऱ्याच ठिकाणी औषधं मावशीच देतात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम असावा असं म्हटलं आणि तिथल्या वैद्यकीय सेवेचे निकष ठरवण्याचं काम राज्यांवर सोपवलं.

इथल्या चुकांचे काही प्रकार मात्र परदेशी अहवालांत सहसा सापडत नाहीत. मेडिकलवाला पंधरा गोळ्यांच्या स्ट्रिपमधून कात्रीनं सहा कापून देतो. नाव एका तुकड्यावर राहतं, मुदतीची तारीख दुसऱ्यावर. रक्तदाबाची तीच गोळी एका डॉक्टरनं एका ब्रँडनं लिहिली आणि हॉस्पिटलमधून घरी सोडताना दुसऱ्यानं दुसऱ्या ब्रँडनं, तर डब्यात दोन्ही पडतात. रंग वेगळा, पाकीट वेगळं, औषध एकच. मधुमेहाच्या जोड-गोळ्यांत तर दोन-तीन औषधं एकत्र असतात, त्यामुळे कोणतं दुप्पट झालं हे पाठीमागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय कळत नाही. गिळता येत नाही म्हणून गोळी कुटून पाण्यात कालवून देण्याची पद्धत सर्रास आहे. ज्या गोळीच्या नावापुढे ‘एसआर’ किंवा ‘एक्सएल’ असतं, तिच्यातलं औषध दिवसभर हळूहळू सुटावं अशी तिची बांधणी असते. ती कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. संधिवाताची मेथोट्रेक्झेट ही आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी. ती चुकून रोज दिली गेली तर रक्तपेशी घटून जीव जाऊ शकतो, आणि अशा मृत्यूंची नोंद अनेक देशांत झाली आहे.

एकादशीचंच घ्या. सकाळी आठला ग्लिमेपिराइडची गोळी नेहमीप्रमाणे पोटात जाते. आजींचा उपास, म्हणून नाश्ता नाही. साबुदाण्याची खिचडी व्हायला साडेअकरा वाजतात. ही गोळी साखर खाली आणते, समोर अन्न असो वा नसो. दहाच्या सुमारास आजी बरळू लागतात, घाम फुटतो, नाहीतर नुसत्याच गप्प होऊन बसतात. साखर उतरल्याचं म्हाताऱ्या माणसात असंच दिसतं, त्यामुळे ‘आज आजींचं बिनसलंय’ म्हणून सोडून दिलं जातं. उपासाला हरकत घेण्याचं कारण नाही. पंचांग भिंतीवर लटकलेलंच असतं. त्या दिवशीच्या गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांनी एकदा लिहून दिलं की काम भागतं.

मग औषधांची यादी कमी केली की झालं, असं कोणाला वाटेल. इस्रायलमधल्या डोरॉन गार्फिंकेल यांनी २००७ साली असा प्रयोग मांडला. परावलंबी अवस्थेतल्या ११९ रुग्णांची ३३२ औषधं त्यांनी थांबवली. वर्षभरात त्यांच्यातले २१ टक्के दगावले, तर औषधं न थांबवलेल्या गटातले ४५ टक्के. आकडा डोळे विस्फारणारा आहे. मात्र गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, म्हणून एवढ्यावर झेंडा फडकवता येत नाही. २०२३ साली ब्रिटनमधली एक काटेकोर चाचणी प्रसिद्ध झाली. ८८२ रहिवाशांपैकी निम्म्यांच्या औषधांची जबाबदारी चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार असलेल्या फार्मासिस्टकडे दिली. सहा महिन्यांत गुंगी आणणाऱ्या औषधांचा भार घटला. पडण्याचं प्रमाण मात्र म्हणावं तसं कमी झालं नाही. ज्यांना झटपट चमत्कार हवा त्यांना हा निकाल निराश करील. पण सहा महिन्यांत पडणं थांबलं नाही म्हणून यादी बिनवारस ठेवावी, असा त्याचा अर्थ काढणं आडमुठेपणाचं होईल.

थांबवणं हेही औषध देण्याइतकंच कौशल्याचं काम आहे. झोपेची गोळी वर्षानुवर्षं घेतलेल्या माणसाची ती एका रात्रीत बंद केली तर झटके येऊ शकतात. स्टेरॉइड, फिटची औषधं, हृदयाची गती आवरणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या अचानक तोडता येत नाहीत. पार्किन्सनच्या लेव्होडोपाला तर तासाभराचा उशीरही महागात पडतो. बाकीच्यांची औषधं वाटून होईपर्यंत त्या आजोबांचं शरीर लाकडासारखं ताठ झालेलं असतं. म्हणूनच हे काम नेटवरची यादी घेऊन बसलेल्या मुलानं करायचं नाही आणि व्यवस्थापकानंही नाही.

ते करू शकणारी माणसं महाराष्ट्रात आहेत. भारतात २००८ साली फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याचं शेवटचं वर्ष रुग्णालयात काढावं लागतं आणि औषधांचा असा आढावा घेणं हा त्या शिक्षणाचाच भाग आहे. तरीही वृद्धाश्रमाच्या पगारपत्रकावर हे पद जवळजवळ कुठेच दिसत नाही.

आढावा प्रत्यक्षात कसा होतो हे पाहण्यासारखं असतं. आजींच्या कपाटातली, उशाखालची, मुलानं अमेरिकेहून आणलेली सगळी पाकिटं एका पिशवीत भरून टेबलावर ओततात. त्यांत डोळ्यांचे थेंब असतात, गुडघ्याचं तेल, कोणाच्या तरी शेजारणीनं सुचवलेलं चूर्ण. प्रत्येक वस्तूपुढे औषधाचं मूळ नाव, मात्रा, कोणी लिहिलं, कशासाठी आणि कधीपासून हे लिहायचं. शेवटचे दोन रकाने बहुधा कोरे राहतात. ते भरायला चार डॉक्टरांना फोन करावे लागतात. ते कोणी करायचे, मिळालेलं उत्तर फाइलला कोणी लावायचं आणि तीन महिन्यांनी पिशवी पुन्हा कोणी ओतायची, हे त्या केंद्रानं एका माणसाच्या नावासकट आधी लिहून ठेवलेलं असावं लागतं.